रविवारच्या लॉऱ्या

‘आत शिरता येतंय, पण यादी येत नाहीये,’ धाकटी बहीण फोनवर म्हणाली आणि त्याच्या छातीत काहीतरी लहानसे चुकले. चार वर्षे दोन महिन्यांनंतर आज दुपारी तिचा फोन आला होता, तेव्हासुद्धा असे झाले नव्हते. तेव्हा ती ‘दादा, मी बोलतेय’ म्हणाली, तो ‘बोल’ म्हणाला, आणि समीकरणाच्या दोन्ही बाजूंना असलेले सारखे पद काढून टाकावे तशी मधली चार वर्षे दोघांनी न बोलता काढून टाकली. धक्का बसला तो आत्ता, कारण पाचच मिनिटांपूर्वी त्याने तिला ठणकावून सांगितले होते, ‘माझ्याकडून सगळं व्यवस्थित चालतंय.’ आणि चालत होतेच. तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसला होता. जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीत सिमेंटच्या बुटक्या खांबावर त्याचे भूकंपमापक होते, त्याला जोडलेला, नोंदी साठवणारा एक जुना संगणक होता, आणि त्या संगणकावर त्याने तासाभरापूर्वी फाइली देण्याघेण्याचा सर्व्हर बसवला होता. टेबलावरून हाक मारली की जिन्याखालून यादी धावत येत होती: सत्त्याहत्तर दिवसांच्या सत्त्याहत्तर फाइली, आजच्या दिवसाच्या मिनिटामिनिटाच्या फाइली आणि शेऱ्यांची एक लहान फाइल. आता त्याच्या ध्यानात आले की आपण काय केले आहे. छत्तीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवलेल्या माणसाने घराचे दार बाहेरून उघडते की नाही, हे घरातच बसून तपासले होते.

प्रकरण सांगायला साधे होते. त्याच्या घरापासून दीड किलोमीटरवर एक डोंगर होता. एका बाजूने तो खाणीने पोखरला होता आणि दुसऱ्या बाजूच्या उतारावर एकशे बारा कुटुंबे राहत होती. अकरा दिवसांपूर्वी त्या उतारावरून एक शिळा गडगडत आली, एका घराच्या मागच्या भिंतीतून आत शिरली आणि न्हाणीघरात थांबली. न्हाणीघरात त्या वेळी कुणी नव्हते, इतकेच. कुटुंबांना शाळेच्या इमारतीत हलवले गेले. आता शाळा सुरू व्हायची होती, लोकही वर्गांमध्ये चादरी अंथरून झोपण्याला कंटाळले होते, आणि आज पाच वाजता चौकशी समिती बसणार होती. डोंगर हलतो आहे याचा पुरावा समोर नसेल, तर लोकांना आज संध्याकाळीच घरी जायची परवानगी मिळणार होती. धाकटी त्या समितीची भूगर्भतज्ज्ञ होती आणि तिच्याकडे पुरावा नव्हता. सरकारी मापके दोन वर्षांपूर्वीच उतारावरून उचलून नेली होती. त्या परिसरात चालू राहिलेले एकच यंत्र होते, आणि ते हौसेखातर चालवणाऱ्या माणसाशी ती बोलत नव्हती. समितीची कामाची रीतही अशी होती की कुणी आणून दिलेली नोंद ती घेत नसे. पूर्वी एकदा कुणीतरी हात फिरवलेली डिस्क आणून दिली होती म्हणे. तेव्हापासून समितीचे यंत्र स्वतः मूळ यंत्रापर्यंत जाई, अख्खा फोल्डर जसाच्या तसा उचली आणि त्यावर वेळेचा शिक्का मारी. ते यंत्र जुने होते आणि त्याला जाण्यायेण्याची एकच पद्धत ठाऊक होती, एफटीपी. म्हणजे घर उघडणे भाग होते. आणि घरापुढे फायरवॉल होती, त्याने स्वतः, सेवानिवृत्तीनंतरच्या पहिल्या महिन्यात, मोठ्या समाधानाने उभारलेली. तिचा पहिला नियम असा होता: बाहेरून येणारे सर्व काही नाकारावे. दुसरा नियम नव्हता. त्याची बायको आयुष्यभर रुग्णालयात परिचारिका होती. माणसांचे निदान ती थोडक्यात करी. ‘पाहुण्यांच्या बाबतीतही तुमचं हेच आहे,’ ती तेव्हा म्हणाली होती.

‘सर, नमस्कार, मी इथला ऑपरेटर,’ फोनवर आता एक सर्दट आवाज आला. ‘मॅडमनी फोन स्पीकरवर टाकलाय. तुमच्या यंत्रानं नाव विचारलं, पासवर्ड विचारला, या म्हणालं. आम्ही म्हटलं, यादी दाखवा. तर ते म्हणतं, यादी हवी असेल तर एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक, सात, इथे या. आम्ही गेलो.’

‘आणि?’

‘असला पत्ता आमच्याकडेही आहे, सर. चहाच्या मशीनशेजारच्या प्रिंटरचा. तो काही बोलत नाही.’

मागे धाकटी हसली. ते हसू त्याने चार वर्षे दोन महिने ऐकले नव्हते आणि ते बदललेले नव्हते. सुरुवातीला नाकातून एक फुत्कार, मग नाइलाज. त्यालाही हसू आले, पण ते ओठांपर्यंत पोहोचण्याआधी त्याच्या जागी दुसरेच काहीतरी आले. त्याला चूक कळली होती, आणि ती इतकी निरागस होती की तो क्षणभर तिच्याकडे पाहतच राहिला. एफटीपीला दोन वाटा लागतात. एका वाटेवर बोलणे होते, कोण, कुठून, काय हवे; तेवढे एक दार त्याने आज उघडले होते. आणि प्रत्यक्ष माल द्यायची वेळ आली की सर्व्हर आणखी एक दार उघडतो आणि म्हणतो, अमुक पत्त्यावर, अमुक क्रमांकाच्या दारी ये. त्याच्या सर्व्हरने प्रामाणिकपणे आपला पत्ता सांगितला होता. पण तो घरातला पत्ता होता. जिन्याखाली बसलेल्या त्या यंत्राला घराबाहेर काही असते याची कल्पनाच नव्हती. त्याला त्याच्या मालकाने एवढेच जग दाखवले होते. कुठे राहतोस असे रस्त्यावरून कुणी विचारावे आणि आतून उत्तर यावे, ‘हा काय, डावीकडच्या खोलीत.’ उत्तर खरे होते. खरे असूनही निरुपयोगी असलेली वाक्ये त्याला आवडत नसत, आणि याच क्षणी त्याला आपले एक वाक्य आठवले, नको असताना, शब्दशः.

‘उपलब्ध पुराव्यावरून डोंगर सरकत आहे असे म्हणता येत नाही.’ चार वर्षांपूर्वी धाकटीने अहवाल दिला होता की उतार सरकतो आहे, वर्षाला काही मिलिमीटर, पण सरकतो आहे. खात्याला तटस्थ मत हवे होते. कुणीतरी त्याचे नाव सुचवले. नाते कुणाला ठाऊक नव्हते, त्याने सांगितलेही नाही, कारण नात्याचा परिणाम होऊ द्यायचा नाही असे त्याने ठरवले होते आणि तो होणार नाही याची त्याला खात्री होती. अडीच पाने. तिच्या आकड्यांतली अनिश्चितता त्याने काढून दाखवली. गणित निर्दोष होते, आजही असेल. म्हणता येत नाही, एवढेच तो म्हणाला होता. सरकत नाही असे म्हणाला नव्हता. पण खात्यातल्या माणसांना या दोहोंतला फरक पाहण्यात रस नव्हता. खाणीची मुदत वाढली, मापके खर्चिक ठरली आणि उचलली गेली. धाकटीने फोन करून एकच विचारले होते, ‘दादा, माझ्याशी बोलला असतास तर?’ आणि तो म्हणाला होता, ‘ते नियमात बसलं नसतं.’ कॉलेजातली मुले त्याला पाठीमागे शंकासुर म्हणत. त्याला ते ठाऊक होते आणि आतून आवडतही असे.

‘बाहेरचा पत्ता द्यावा लागेल,’ तो फोनवर म्हणाला. ‘सर्व्हरला सांगतो की कुणी विचारलं तर रस्त्यावरचा पत्ता सांग. आणि मालासाठीची दारं ठरवून देतो, पन्नास. तेवढीच फायरवॉलमध्ये उघडतो.’

‘पन्नास दारं?’ बायको मागून म्हणाली. ती चहाचे आधण ठेवत होती. ‘आपल्या घराला?’

‘खरी नाहीत गं. क्रमांक आहेत नुसते.’

‘घर तर खरं आहे ना?’

वाजले होते दोन पन्नास. त्याने आकडे भरले: पन्नास हजारपासून पन्नास हजार एकोणपन्नासपर्यंत. भरताना त्याला जाणवले की बोटे जरा सावकाश चालत आहेत. आठ वर्षे त्याने या भिंतीत एक टाचणीएवढे भोक ठेवले नव्हते. नियम साठवला, सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला, आणि सर्व्हर ज्यात आपल्या दाराशी आलेल्या प्रत्येकाची नोंद करतो तो लॉग एका खिडकीत उघडून ठेवला. समितीचे यंत्र मध्येच पुन्हा सुरू करावे लागत होते, ऑपरेटर दहा मिनिटे मागत होता. त्या दहा मिनिटांत लॉग रिकामा राहील अशी त्याची अपेक्षा होती. पहिला पाहुणा चौथ्या मिनिटाला आला. अनोळखी पत्ता, कुठल्यातरी दूरच्या खंडातला. त्याने नाव सांगितले ‘अ‍ॅडमिन’, पासवर्ड चुकला, तो गेला. सहाव्या मिनिटाला दुसरा आला, दुसऱ्याच खंडातून. ‘रूट’. मग ‘टेस्ट’. मग ‘गेस्ट’, मग एक असा की ज्याने नावच सांगितले नाही, नुसते दार ढकलून पाहिले आणि पुढे गेला. ही माणसे नव्हती, हे त्याला माहीत होते. ही यंत्रे होती, चार अब्ज पत्त्यांवरून रात्रंदिवस फिरणारी, प्रत्येक दार एकदा ढकलून पाहणारी. त्यांना त्याचे घर ठाऊक नव्हते आणि त्याच्याबद्दल कसलाही आकस नव्हता. तरीही त्याच्या हातावरचे केस उभे राहिले. भीतीने नव्हे, भीतीला त्याने ताबडतोब बाजूला काढून तपासले, ती थोडीच होती. ते दुसरे काही होते. म्हणजे ही वर्दळ आठ वर्षे चालूच होती. तो जेवत होता, झोपत होता, बायकोशी टीव्हीच्या आवाजावरून वाद घालत होता, आणि दाराशी दर दोन मिनिटांनी कुणीतरी येत होते, ढकलत होते, जात होते. भिंत इतकी चांगली होती की तिने ठोठावणेही आत येऊ दिले नव्हते. शांतता मोजण्यासाठी त्याने भिंत बांधली होती आणि मग भिंतीचीच शांतता मोजली होती.

त्याने नियम आवळला, समितीच्या पत्त्याखेरीज कुणालाही उत्तर द्यायचे नाही, आणि लॉग थांबला. पण त्याला आता ठाऊक होते.

‘दादा,’ धाकटीचा आवाज आला. ‘यंत्र चालू होतंय तोवर एक सांग. फोल्डरमध्ये नोंदींशिवाय काय काय आहे, ते मला आधी लिहून द्यावं लागतं.’

‘शेऱ्यांची एक फाइल आहे फक्त. रोज सकाळी कालचा आलेख बघतो, काही दिसलं तर एक ओळ लिहितो.’

‘काय दिसलं?’

‘विशेष काही नाही. लॉऱ्या.’

‘किती ओळी आहेत?’

‘मोजून सांगतो,’ तो म्हणाला आणि त्याने ती फाइल उघडली. हा त्याचा अक्षरशः रोजचा व्यवहार होता. दूरचे भूकंप त्याला ओळखता येत; पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाला जमीन हादरली की वीस मिनिटांनी तो हादरा पृथ्वीच्या पोटातून प्रवास करून जिन्याखाली येई, कुणालाही न विचारता, आणि घर, बायको, कपाट, पाण्याची टाकी, सगळ्यांना केसाएवढे वर उचलून अलगद खाली ठेवी. त्यांच्यासाठी वेगळी वही होती. या फाइलीत उरलेले असे: लहान, आखूड, एकदम सुरू होऊन विरून जाणारे थरथराट. खाणीच्या लॉऱ्या त्याच्या गल्लीच्या टोकावरून जात, त्यांतल्या एखाद्या जड लॉरीचा असाच थरथराट उमटे. म्हणून तारीख, वेळ आणि शेरा: लॉरी. पुढची ओळ: लॉरी. एक्केचाळीस ओळी, अकरा आठवड्यांत. त्याने आकडा मोठ्याने सांगितला. धाकटीने तो लिहून घेतला असावा. आणि मग, कसलाही संशय नसताना, केवळ तारखांची रांग समोर होती आणि हात रिकामे होते म्हणून, त्याने तारखांपुढे वार मांडले.

सहा रविवार होते.

खाण रविवारी बंद असे. हे त्याला ठाऊक होते, कारण रविवारी सकाळी तो मुद्दाम उशिरापर्यंत खिडकी उघडी ठेवी, धूळ नसते म्हणून. रविवारी गल्लीच्या टोकावरून लॉरी जात नसे. एकही नाही. त्याने पहिल्या रविवारचा आलेख काढला, मग एका बुधवारचा शेजारी ठेवला. बुधवारची लॉरी हळूहळू मोठी होत येत होती आणि हळूहळू लहान होत जात होती, येणाऱ्याजाणाऱ्या कुठल्याही वस्तूसारखी. रविवारची येत नव्हती. ती एकदम होती. कुठून तरी काहीतरी तुटावे तशी ती सुरू होत होती आणि मग बराच वेळ विरत राहत होती. त्याने आणखी एक काढला, आणखी एक. एक्केचाळीसपैकी खऱ्या लॉऱ्या नऊ निघाल्या. उरलेल्या बत्तीस त्याने मोजल्या, पुन्हा मोजल्या, आणि मग हात टेबलावर पालथे ठेवून तो बसून राहिला. डोंगर होता तो. अकरा आठवडे डोंगर आतून तडकत होता, दीड किलोमीटर खडकातून ती खबर त्याच्या जिन्याखाली येऊन पोहोचत होती, यंत्र ती इमानेइतबारे उतरवून घेत होते, आणि रोज सकाळी दाढी झाल्यावर तो येऊन तिच्यावर ‘लॉरी’ असे लिहीत होता. शरमेने कान तापले हे खरे, पण शरम नंतर आली. आधी जे आले त्याला त्याच्याकडे शब्द नव्हता आणि मोजमाप नव्हते. एवढ्या मोठ्या, मुक्या, वर्षानुवर्षे खिडकीतून दिसणाऱ्या वस्तूने आपल्याशी इतक्या बारीक आवाजात, इतक्या चिकाटीने बोलावे, याने त्याचा श्वास अडकला होता. त्याने खिडकीकडे पाहिले. डोंगर होता तसाच दिसत होता, फिकट, दुपारचा, निर्विकार.

लहानपणी ते दोघे आईवडिलांबरोबर भाड्याच्या दोन खोल्यांत राहत, आणि त्यांतल्या एका खोलीच्या दारावर भिंतीला तडा होता. धाकटी आठ वर्षांची, तो तेराचा. तडा वाढतो का हे पाहायचे असेल तर त्यावर आडवी काच चिकटवतात, असे तिने कुठेतरी वाचले होते. तिने त्याच्या दप्तरातली, प्रयोगशाळेतून आणलेली काचेची पट्टी न विचारता घेतली, स्टुलावर चढून चुन्याने चिकटवली आणि खाली पेन्सिलीने तारीख लिहिली. सात महिने ती रोज शाळेत जाताना मान वर करून पाहत असे. आठव्या महिन्यात काच मधोमध तुटलेली दिसली. तो म्हणाला, ‘तूच दाबली असशील.’ ती रडली नाही, भांडली नाही. तिने पुन्हा स्टूल ओढले आणि तुटलेल्या काचेखाली त्या दिवसाची तारीख लिहिली. आईने विचारले, तेव्हा त्याने आईला तपशीलवार सांगितले की तिने काच दाबली असण्याची शक्यता का नाकारता येत नाही. आई म्हणाली होती, ‘अरे, पण तडा बघितलास का?’ आणि आता, त्रेपन्न वर्षांनंतर, टेबलाशी बसून त्याला नीट आठवेना की आपण तडा बघितला होता की नाही.

‘सर, आमचं यंत्र उठलं,’ ऑपरेटर म्हणाला आणि शिंकला. ‘दोन मिनिटांत येतो. फोल्डर आहे तसा राहू द्या. एकदा आम्ही यादी उचलली की त्यात बदल चालत नाही.’

‘माहीत आहे,’ तो म्हणाला.

दोन मिनिटे. शेऱ्यांची फाइल फोल्डरमध्ये असलीच पाहिजे असा नियम नव्हता. नोंदी यंत्राच्या होत्या, शेरे त्याचे होते. ती उचलून शेजारच्या फोल्डरात ठेवायला एक सेकंद पुरला असता. खोटे काहीच झाले नसते, डोंगराचा पुरावा एका कणाने कमी झाला नसता, कुटुंबे तितकीच सुरक्षित राहिली असती. धाकटीला सांगता आले असते की ती फाइल आता तिथे नाही. तिच्यात विशेष काही नव्हते, हे तर त्याने आधीच सांगितले होते. राहिली तर मात्र ती समितीपुढे जाणार होती, तिच्यावर वेळेचा शिक्का बसणार होता, आणि कायमचे कळणार होते की ज्या माणसाने अडीच पानांत डोंगराला निर्दोष सोडले त्याच माणसाने डोंगराची कबुली एक्केचाळीसपैकी बत्तीस वेळा वाचली आणि तिच्यावर लॉरीचे नाव घातले. त्याने कर्सर त्या फाइलीवर नेला. नेला हे खरे आहे. त्याने पुढे स्वतःशीही ते नाकारले नाही.

‘अहो,’ बायको त्याच्यासमोर कप ठेवत म्हणाली, ‘नाडी बघू का तुमची? तोंड कसं झालंय.’

‘मी चुकलो होतो,’ तो म्हणाला.

‘कशात?’

‘डोंगराबाबत. आणि तिच्याबाबत.’

ती खुर्ची ओढून बसली. ‘मग सांगा तिला.’

‘सांगायची गरज नाही. लिहिलेलं आहे. बत्तीस वेळा. ते पुसावं की काय, असं बघत होतो.’

‘तुम्ही?’ ती म्हणाली. ‘मुलांनी वहीत खाडाखोड केली तर अर्धा तास बोलायचात तुम्ही. घरी येऊन मलाही ऐकवायचात.’

ऐकवायचा, खरे होते. प्रयोगवहीत आकडा चुकला तर खोडरबर नाही, गिरवणे नाही. एकच सरळ रेघ मारायची, खालचा आकडा वाचता येईल अशी, आणि शेजारी नवा लिहायचा. चुकीचा आकडाही मोजलेला असतो. छत्तीस वर्षे, दरवर्षी जून महिन्यातल्या पहिल्या तासाला, तो हे फळ्यावर करून दाखवी, आणि मागच्या बाकावरची मुले त्याच्या आवाजाची नक्कल करीत. त्याने कर्सर काढून घेतला. रेघ मारायलाही आता वेळ नव्हता, आणि फोल्डर आहे तसा राहायला हवा होता. लॉगमध्ये नवी ओळ उमटली: समितीचा पत्ता. नाव बरोबर. पासवर्ड बरोबर. मग यादीची मागणी. मग सर्व्हरचे उत्तर, या वेळी रस्त्यावरचा पत्ता आणि दार क्रमांक पन्नास हजार सतरा. त्याने नकळत टेबलाची कड धरली.

‘आली,’ धाकटी म्हणाली. ‘दादा, आली रे यादी! अख्खी.’

‘पन्नास हजार सतरा,’ ऑपरेटर म्हणाला. ‘सुंदर दार आहे, सर.’

फाइली निघाल्या. लॉगमध्ये एकेक नाव येत होते आणि त्यापुढे ‘पाठवली’ असे उमटत होते. प्रत्येक फाइलीसाठी नवे दार उघडे, माल जाई, दार मिटे. शेऱ्यांची फाइल सगळ्यांत लहान होती, ती कधी गेली हे डोळ्याला कळलेसुद्धा नाही. मग एकेक दिवस जाऊ लागला. हा तो दिवस ज्या दिवशी पंपवाला आला होता; हा दिवस पाहुण्यांचा; हा त्याच्या तापाचा, जेव्हा तो दिवसभर अंथरुणात होता आणि घर इतके स्थिर होते की नोंद आरशासारखी आली होती. सगळे निघून जात होते, त्याच्या घराच्या पायाखालची अकरा आठवड्यांची थरथर, आणि तरीही जिन्याखाली सगळे जागच्या जागी होते. पाठवून काहीच संपत नाही, हे त्याला पुस्तकात वाचून माहीत होते, आणि आज ते पहिल्यांदा खरे वाटत होते.

चार वीसला शेवटचा पूर्ण दिवस गेला. पलीकडे खुर्च्या सरकल्या, माणसे आत आल्यासारखी वाटली, मग फोन बराच वेळ गप्प झाला. बायकोने दोनदा चहा गरम केला. पाच वाजून गेले. पाच दहाला धाकटीचा आवाज आला. स्पीकर काढलेला असावा, कारण आवाज अगदी कानाशी होता.

‘लोक परत जात नाहीत,’ ती म्हणाली. ‘खाण रविवारी बंद असते, म्हणून रविवारचेच सहा आलेख भिंतीवर लावले. कुणी काही विचारलंच नाही रे. एक सदस्य म्हणाले, उद्यापासून खाणही बंद ठेवा.’

त्याने डोळे मिटले. ‘बरं झालं.’

‘आणि शेरे वाचले मी.’

‘हं.’

‘लॉरी, लॉरी, लॉरी,’ ती म्हणाली. ‘रविवारीसुद्धा लॉरी.’

‘वार आज बघितले. तुला फोनवर एक्केचाळीस म्हणालो ना, त्यानंतर. मला लॉरीच वाटली गं. खरंच वाटली.’

‘मग फाइल काढून का नाही ठेवलीस?’

‘मोजलेलं होतं,’ तो म्हणाला. हे अपुरे आहे हे त्याला कळत होते. ‘अडीच पानांचंही चुकलंच माझं. गणित नाही चुकलं. पण चुकलं.’

ती म्हणाली, ‘शंकासुरा, चार वर्षं मी तुला काय काय सुनवायचं ते पाठ करून ठेवलंय. रोज आंघोळीच्या वेळी म्हणते. आत्ता एक वाक्य आठवेल तर शपथ.’

‘आठवलं की कर फोन.’

‘करीन. सोडत नाही मी.’ आणि नाकातून तो फुत्कार.

तो उठला, माठापर्यंत गेला, पाणी प्याला, पेला ठेवला आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला. फोन कानाशीच होता. पलीकडे ऑपरेटर काहीतरी पुटपुटला, मग धाकटी वेगळ्याच सुरात म्हणाली, ‘दादा, तू मघाशी उठलास का रे? सहा-सात पावलं चाललास?’

‘हो. पाणी प्यायलो. का?’

‘दिसलास.’

त्याला क्षणभर उलगडा झाला नाही. मग झाला. समितीच्या यंत्राला थांबायला कुणी सांगितले नव्हते. जुन्या फाइली संपल्यावर ते नव्या उचलत होते, मिनिट पुरे झाले की त्या मिनिटाची. त्याची पावले जमिनीतून खांबात, खांबातून यंत्रात, यंत्रातून भिंतीतल्या त्याने स्वतः उघडलेल्या दारातून शहराच्या दुसऱ्या टोकाला गेली होती, आणि तिथे त्याची बहीण ती पाहत होती, एक मिनिट उशिराने, ताऱ्याचा उजेड पाहावा तशी.

‘डावा पाय जड टाकतोस तू अजून,’ ती म्हणाली. आणि मग लगेच, कामाच्या सुरात, ‘थांब. हलू नकोस. तुझ्या पावलांच्या मागे आणखी काहीतरी आहे. बारीक. मला पुढचं मिनिट स्वच्छ हवंय.’

त्याने बायकोकडे वळून न पाहताच हात वर केला. तिने कप हातातच धरून ठेवला. फोनवर धाकटीचा श्वास ऐकू येत होता. खिडकीत डोंगर होता. आपल्या तळव्यांना काहीही कळणार नाही, हे त्याला आकड्यांसह माहीत होते; जे येत होते ते माणसाच्या स्पर्शाच्या हजारपट खाली होते. तरी त्याने सपाता काढल्या, अगदी हळू, एकेक करून, आणि गार फरशीवर अनवाणी उभा राहिला, मिनिट पुरे होण्याची वाट पाहत.